पांढरी दोनचं गुपित

11 ऑक्टोबर 1727. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दुसऱ्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. राजाच्या अंगाला पवित्र तेल लावण्याच्या विधीसाठी संगीतकार हँडेलने ‘झेडॉक द प्रीस्ट’ हे समूहगीत रचलं. सुरुवातीचं जवळपास दीड मिनिट नुसती वाद्यं संथपणे चढत राहतात. मग सात भागांत वाटलेला गायकवृंद, तीन ट्रम्पेट आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, एकदम उसळतात. ऑर्गन तळातून सगळ्यांना आधार देतो. 1992 मध्ये चॅम्पियन्स लीगचं गीत याच रचनेवरून बेतलं गेलं, त्यामुळे फुटबॉलप्रेमींना ही चाल ओळखीची वाटेल.

गीताचा षड्ज आहे डी, म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. संगीतकार बाखच्या ‘बी मायनर मास’ या धार्मिक रचनेतला ट्रम्पेटने दुमदुमणारा ‘ग्लोरिया’ही डी मेजरमध्येच, म्हणजे याच षड्जावर आहे. दोघांनीही पांढरी दोनच का धरावी?

कारण ट्रम्पेटच्या नळीत आहे. तेव्हाच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या झडपा, नव्हते. ते आले एकोणिसाव्या शतकात. होती फक्त सुमारे सात फुटांची गुंडाळलेली पितळी नळी. वादकाचे ओठ थरथरतात आणि नळीतली हवा ठरावीक वारंवारतांनाच दाद देते: मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो ना, तो याच मालिकेतला पाचवा स्वर. तंबोऱ्यात हे स्वर एकत्र मिसळून येतात, ट्रम्पेटवादक त्यांतला एकेक ओठांनी निवडतो.

खाली हे स्वर फार विरळ आहेत. सा, प, वरचा सा, ग, प, एवढ्यावर तुतारीसारखी ललकारी होते, चाल होत नाही. आठव्या स्वरापासून मात्र सा, रे, ग शेजारी शेजारी येतात. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो! त्याला ओठांनी खेचून जागेवर आणणं हे त्या वादकांचं खरं कसब. मला तर ते थक्क करतं. षड्ज बदलायचा तर नळीच बदलावी लागे. म्हणून डीचं ट्रम्पेट हाती असलं की सगळ्या गायकवृंदाने डीमध्ये गायचं.

ऑर्गनचीही एक अडचण असते. हा आपल्या नाट्यसंगीतातला पायपेटीचा ऑर्गन नव्हे. यात प्रत्येक स्वराला वेगळी नळी असते. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने. त्यामुळे शिट्टीसारख्या नळ्यांचा स्वर चढतो. दहा अंशांनी तापमान वाढलं तर तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने वर जातो. धातूची जीभ असलेल्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत, म्हणजे एकाच ऑर्गनमध्ये दोन सूर. वादनाच्या मध्येच हजारो नळ्या कोण जुळवणार? तेव्हा ट्रम्पेटवादक ओठांनी आणि गायक गळ्याने ऑर्गनकडे सरकतात.