हाडाशी जुळवून घेणारं टायटॅनियम

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात जो दांडा ठोकतात, तो बऱ्याचदा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. हलका, मजबूत, न गंजणारा. तक्रार एकच, तो फार ताठ असतो. ताठपणाचं माप म्हणजे यंग गुणांक. हाडाच्या कठीण भागात तो साधारण १० ते ३० गिगापास्कल भरतो, तर ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या, सर्वाधिक खपाच्या टायटॅनियममध्ये ११०च्या आसपास. (स्टेनलेस स्टीलचा २००च्या घरात, तेव्हा टायटॅनियम त्यातल्या त्यात बरं.) चालताना बराचसा भार दांडाच उचलतो. हाडाला काम उरत नाही आणि बिनकामाचं हाड हळूहळू विरळ होत जातं.

टायटॅनियम मऊ पडू न देता त्याचा ताठपणा तेवढा उतरवायचा, तर अणूंची मांडणीच बदलावी लागते.

नेहमीच्या तापमानाला शुद्ध टायटॅनियम ‘अल्फा’ प्रावस्थेत, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मांडणीत असतं. फळवाल्याने रचलेल्या संत्र्यांसारखे अणू थरावर थर दाटीने बसलेले, आणि तिसरा थर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर. ८८२ अंश सेल्सिअसच्या वर हीच धातू ‘बीटा’ होते: घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि एक मधोमध. ही मांडणी जरा सैल. गार टायटॅनियममध्ये ती उभीच राहू शकत नाही. तापल्यावर अणूंची थरथर वाढते आणि त्या थरथरीच्या जोरावर ती तगते.

बीटाला गारव्यातही टिकवायचं तर दुसरे अणू मिसळावे लागतात. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन अल्फाची बाजू घेतात. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, नायोबियम, टँटलम बीटाची. कारण बंधात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांत आहे. टायटॅनियमचा प्रत्येक अणू असे ४ इलेक्ट्रॉन देतो, नायोबियम आणि टँटलम ५, मॉलिब्डेनम ६. सरासरी ४च्या वर सरकली की बीटा सावरू लागते.

खरी मेख पुढे आहे. ही सरासरी ४.२च्या आसपास असते तेव्हा बीटा जेमतेम टिकलेली असते, आणि नेमक्या याच काठावर तिचा ताठपणा सर्वांत कमी भरतो. मोडायला आलेली रचना ढकलायला सोपी, इतका साधा हिशेब. आणखी नायोबियम घालून बीटा भक्कम करा, ताठपणा पुन्हा वर चढतो. इथे स्थैर्य फार झालं तरी पंचाईत.

पण काठावर ओमेगाही टपून बसलेली असते. बीटामधले अणूंचे काही थर जोडीजोडीने एकमेकांत मिटतात आणि ही तिसरी प्रावस्था तयार होते. अणूंना लांब जावं लागत नाही, किंचित सरकलं की झालं. म्हणून तापलेली धातू झटकन पाण्यात बुडवली तरी ओमेगा रोखता येईलच असं नाही. ओमेगा धातूला ताठ करते, प्रमाणाबाहेर गेली तर ठिसूळही.

जपानमध्ये धातुशास्त्रज्ञ मित्सुओ निइनोमी आणि सहकाऱ्यांनी २९ टक्के नायोबियम, १३ टक्के टँटलम आणि ४.६ टक्के झिर्कोनियम घालून ही कसरत साधली. गुणांक साधारण ६० ते ६५वर आला. व्हॅनेडियम शरीराला घातक ठरू शकतं ही शंकाही त्यात मिटली. टँटलम आणि नायोबियम महाग, जड आणि चटकन न वितळणारे, हा भुर्दंड मात्र पडतोच.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत मात्र वेगळीच अडचण येते. मणक्यांना आधार देणारी सळई पाठीच्या वळणानुसार शल्यचिकित्सक तिथल्या तिथे हाताने वाकवतो. कमी ताठ सळई सोडली की स्प्रिंगसारखी थोडी मागे येते. त्यावर याच गटाने टायटॅनियममध्ये १२ टक्के क्रोमियम घालून पाहिलं. ही सळई वाकवली की वाकलेल्या जागीच ओमेगा तयार होते, तेवढाच भाग ताठ होतो आणि बाक धरून राहतो. बाकीची सळई बीटाच राहते, हाडाच्या कलाने घेणारी.