नागपूरचे विद्यापीठ की सेवाग्रामची वाट: एका निवडीची पार्श्वभूमी

बारावीच्या निकालानंतर नागपुरातील घरांत जी चर्चा होते, तिच्यात शहरातील महाविद्यालय बहुधा गृहीतच धरलेले असते. एखाद्या मुलीने खेड्यात राहून, हाताने काम करत शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, की पहिला प्रश्न निघतो तो पदवीचा. हा प्रश्न संकुचित वृत्तीतून येतो असे मानणे पालकांवर अन्याय करणारे ठरेल, कारण विदर्भात ग्रामीण उच्च शिक्षणाचे जे प्रयोग झाले, त्यांतील बहुतेक नेमके याच प्रश्नापाशी अडले.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले, परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळे ती आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची. स्वतःचे विद्यापीठ नागपूरला ४ ऑगस्ट १९२३ रोजी मिळाले आणि सर बिपिन कृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच्या अडीच वर्षांहून थोडे अधिक आधी, डिसेंबर १९२० मध्ये, याच शहरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा कार्यक्रम कायम केला होता आणि सरकारी शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडणे हा त्या कार्यक्रमाचा भाग होता. विद्यापीठ आणि विद्यापीठाला असलेला विरोध या दोन्ही गोष्टी नागपूरने अशा एकाच काळात पाहिल्या.

या विरोधाला विधायक रूप आले ते नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्यात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, आणि सेवाग्रामात आर्यनायकम् व आशादेवी यांनी हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने नई तालीमचे, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याचे, काम उभे केले. ही परिषद सात ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणापुरती होती, हे अनेकदा विसरले जाते. उच्च शिक्षणाविषयीचे आपले मत गांधीजींनी त्याच वर्षी वेगळे मांडले होते: अभियंते उद्योगांनी घडवावेत, वैद्यकीय महाविद्यालये रुग्णालयांना जोडलेली असावीत आणि कृषी महाविद्यालयांनी आपला खर्च स्वतः भागवावा. पुढे १९४५ नंतर नई तालीमचा विस्तार होऊन उत्तर बुनियादीपर्यंतची, म्हणजे चौदा वर्षांनंतरच्या शिक्षणाची, पायरी तयार झाली. शेती, कताई-विणकाम, स्वयंपाक आणि सफाई यांतून शिकलेला तेथील विद्यार्थी अनेक बाबतींत तयार असे, पण मॅट्रिक आणि इंटरमीजिएटच्या चौकटीत तो बसत नव्हता, आणि त्यामुळे पुढची दारे त्याला सहज उघडत नव्हती.

ही अडचण सरकारी पातळीवरही ओळखली गेली होती. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात स्वतंत्र ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, आणि १९५६ पासून केंद्र सरकारने देशात काही ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू केल्या. त्यांतील एक विदर्भात, अमरावतीला, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या प्रेरणेने उभी राहिलेली शिवाजी लोकविद्यापीठ ही संस्था होती. तेथील ग्रामसेवेची तीन वर्षांची पदविका सरकारी नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीची मानली गेली. परंतु पदव्युत्तर प्रवेश देताना विद्यापीठे कचरत राहिली, विद्यार्थ्यांनाही रीतसर पदवीच हवी होती, आणि कालांतराने देशभरातील अशा बहुतेक संस्था नेहमीच्या विद्यापीठीय व्यवस्थेत मिसळून गेल्या. हा शेवट मला दुःखद वाटतो. कल्पनेत खोट नव्हती. जिने तिला शिक्का द्यायचा, ती व्यवस्थाच तिला आपली मानत नव्हती.

टिकला तो प्रयोग पदवी हातची न सोडणारा होता. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. रुग्णालय आधी आणि महाविद्यालय नंतर, हा क्रम गांधीजींच्या १९३७ च्या विचाराशी जुळणारा होता. पदवी मात्र नागपूर विद्यापीठाची होती, आणि आता ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. नवे विद्यार्थी सुरुवातीचे काही दिवस आश्रमात राहतात, खादी वापरतात, आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेऊन तेथील कुटुंबांच्या आरोग्याची जबाबदारी उचलते. पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अटही या संस्थेने घातली होती. म्हणजे शहरातील विद्यापीठाचा कागद आणि खेड्यातील शिक्षण येथे एकत्र आले, आणि एरवी संकोचणाऱ्या पालकांनी मुलांना तेथे विश्वासाने पाठवले.

दरम्यान नागपूर विद्यापीठाची हद्द आणि नावही बदलत गेले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे, म्हणजे ग्रामोन्नतीसाठी आयुष्य वेचणाऱ्या संताचे नाव मिळाले, आणि २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ पासून चालवलेला ‘निर्माण’ हा उपक्रम तर पदवी देण्याचा दावाच करत नाही. पदवी घेत असलेल्या किंवा घेतलेल्या तरुणांना तो शिबिरांतून समाजाच्या प्रश्नांकडे वळवतो. त्यामुळे आज निवड करताना शहर की खेडे एवढेच विचारून भागत नाही. ग्रामीण संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, तिच्या प्रमाणपत्रावर पुढचा प्रवेश कोठे मिळतो, आणि शेतावर किंवा वस्तीत केलेले काम अभ्यासक्रमात गुणांसह धरले जाते की केवळ शिबिरापुरते उरते, याची लेखी माहिती प्रवेशाआधी मागून घेता येते.