मेदसंप्रेरके व एरोबिक व्यायामाची तीव्रता

मेद ऊतकातून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनरूप संदेशवाहकांना मेदसंप्रेरके किंवा अॅडिपोकाइने म्हणतात. व्यायामाची तीव्रता बदलली की त्यांचे रक्तातील प्रमाणही बदलते, असे सरसकट मानले जाते. ते तितकेसे खरे नाही.

चरबी म्हणजे निव्वळ साठवणीची कोठी, हा समज मोडला तो साधारणपणे १९९४ पासून. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी लेप्टिनचे, म्हणजे मेंदूला चरबीचा साठा कळवून भूक आवरणाऱ्या मेदसंप्रेरकाचे, जनुक ओळखले. अॅडिप्सिन हे मेदपेशींचे प्रथिन १९८७ मध्येच वर्णिले गेले होते, त्यामुळे काही अभ्यासक या शाखेचा आरंभ तेथून धरतात. इन्सुलिनचे काम सुकर करणाऱ्या अॅडिपोनेक्टिन या मेदसंप्रेरकाच्या जन्मखुणा अधिकच गुंतागुंतीच्या आहेत. १९९५-९६ च्या सुमारास चार गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले आणि एसीआरपी-३०, अॅडिपोक्यू, एपीएम-१ व जीबीपी-२८ अशी चार नावे दिली. त्यांपैकी शेवटचा गट मेदपेशींतून नव्हे, तर मानवी रक्तद्रवातून त्याच्यापर्यंत पोचला. रेझिस्टिन (२००१) उंदरात मेदपेशींतून स्रवते, माणसात मात्र मुख्यतः श्वेतपेशींतून. त्याला मानवी मेदसंप्रेरक म्हणणे सैलच ठरते. व्हिस्फॅटिन या आणखी एका मेदसंप्रेरकावरील २००५ चा मूळ शोधनिबंध २००७ मध्ये मागे घेण्यात आला.

तीव्रता बहुधा नाडीवरून ठरवतात : नाडीच्या कमाल गतीच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम, ७७ टक्क्यांपासून पुढे जोरकस. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारता मारता कालच्या सामन्यावर अखंड वाद घालता येतो तो मध्यम व्यायाम. वाक्य मध्येच तुटू लागले की जोरकस. दादरच्या पुलावरून जलद लोकल गाठण्यासाठी केलेली धाव येथे जमेस धरत नाहीत, ती फार तर मिनिटभराची.

लेप्टिनबाबत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तीव्रता वाढली की अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन वाढतात आणि मेदपेशींचा लेप्टिन-स्राव दबतो. दुसऱ्या मतानुसार खरे महत्त्व ऊर्जेच्या तुटीला आहे. तासाभराच्या आतील व्यायामाने, तो कितीही जोरकस असला तरी, लेप्टिन सहसा हलत नाही. सुमारे ८०० किलोकॅलरींहून अधिक खर्च झाल्यावर, आणि तेही काही तासांनी, ते उतरते. २००० साली हिल्टन व लाउक्स यांनी तरुण स्त्रियांत दाखवले, की पुरेसे खाणे दिले तर व्यायामाच्या ताणाने लेप्टिनची दैनिक लय मंदावत नाही. ती मंदावते ऊर्जा कमी पडल्यावर. हा पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो.

अॅडिपोनेक्टिन रक्तात लेप्टिनच्या सुमारे हजारपट असते. एखाद्या सत्राने ते फारसे बदलत नाही. अनेक आठवड्यांच्या सरावाने वाढलेच, तर बव्हंशी चरबी घटल्याबरोबर.

मापनातील दोन चकवे मुंबईत ठळकपणे जाणवतात. लेप्टिन मध्यरात्रीच्या आसपास सर्वाधिक असते व सकाळी उतरत जाते. पहाटे मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्याचे रक्त धावण्याआधी व नंतर तपासले, तर दिसणारी घट धावण्याची की घड्याळाची, हे न धावणाऱ्या सोबत्याचे रक्त त्याच वेळी घेतल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरा चकवा घामाचा. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता टिपटिपत राहतो. अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी चढते, म्हणून नाडीवर विसंबणारा धावपटू स्वतःला नेहमीपेक्षा जोरकस समजतो. शिवाय रक्तद्रव आटला की एकही रेणू नव्याने न स्रवता प्रत्येक संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले दिसते. हिमोग्लोबिन व हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचा टक्का) यांवरून ही वाढ वजा करतात.

वजन सारखे म्हणून चरबी सारखी, असेही नाही. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दक्षिण आशियाई लोकांत त्याच बीएमआयच्या युरोपीयांपेक्षा अॅडिपोनेक्टिनही कमी आढळते. त्यामुळे युरोपीय धावपटूंवरून काढलेले आकडे येथे लावताना कंबरेचा घेर, पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा, सोबत पाहतात.