दोन ‘इरोटिकॉन’: एक स्टॉकहोमचा, एक प्रागचा

‘इरोटिकॉन’ नावाचे दोन मूकपट आहेत. एक स्वीडनचा, १९२० सालचा, दिग्दर्शक मौरित्स स्टिलर. दुसरा चेकोस्लोव्हाकियाचा, १९२९ सालचा, दिग्दर्शक गुस्ताव मखाती. काळ जवळचा, दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत एक देखणी स्त्री आणि तिच्याभोवती पुरुष, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण दुसरा हा पहिल्याचा नवा अवतार नाही. दोन्ही कथा पूर्णपणे वेगळ्या आहेत. आणि या गल्लतीत नुकसान होतं ते स्टिलरच्या चित्रपटाचं. नाव वाचून लोक त्यात भलतंच काही शोधतात आणि ते सापडलं नाही की अर्ध्यात उठतात. समोर चाललेली असते एक अस्सल विनोदी कलाकृती.

स्टिलरची गोष्ट हंगेरियन लेखक फेरेन्त्स हेर्त्सेगच्या नाटकावरून घेतलेली आहे. लिओ शार्पांतिए हा कीटकशास्त्राचा प्राध्यापक. चित्रपट सुरू होतो तोच त्याच्या व्याख्यानाने, विषय काय, तर झाडाची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं कामजीवन. एकाला किती माद्या लागतात, हे गृहस्थ अगदी गंभीरपणे समजावून सांगतात. घरी मात्र स्वतःची बायको आयरीन कुठे जाते, कोणाबरोबर फिरते, याचा त्यांना पत्ता नसतो. आयरीनला सरदार फेलिक्सबरोबर विमानात बसायला आवडतं, उंची फरचे कोट आवडतात आणि मनातून आवडतो तो नवऱ्याचा मित्र, शिल्पकार प्रेबेन. प्रेबेनचंही तिच्यावर मन आहे, पण मित्राच्या बायकोवर प्रेम कसं करायचं? मग तो मित्राच्या वतीने फेलिक्सचा मत्सर करत बसतो. सगळी गंमत इथे आहे. ज्याला राग यायला हवा तो शांत, आणि ज्याचा काही संबंध नाही तो धुमसतोय.

यातला ऑपेरागृहातला प्रसंग निवांत पाहावा असा आहे. रंगमंचावर पौर्वात्य थाटाचा बॅले चाललेला असतो. तो खास या चित्रपटासाठी रचला होता. संगीत कुर्ट आतेर्बेर्ग यांचं, नृत्यात कारिना आरी. तिथे शहाच्या दरबारात जे घडतं ते आयरीनच्या घरातल्या तिढ्याची सावली असते. नाच रंगात आलेला असतो, पण आपलं लक्ष राहतं प्रेक्षागृहातल्या चेहऱ्यांवर. कोण कोणाकडे पाहतं, कोण नजर चुकवतं. शब्द नाहीत, मोठे हातवारे नाहीत. मूकपट म्हटलं की डोळे वटारून केलेला अभिनय आठवणाऱ्यांना तोरा तेयेची आयरीन दाखवावी. ओठांची कड जराशी हलते आणि सगळं कळतं. लार्स हान्सोनचा प्रेबेन थोडा जास्त तापट वाटतो, पण त्या माणसाचं दुखणंच तसं आहे.

शेवटी आयरीन प्रेबेनकडे जाते. प्राध्यापकांना त्याचं फारसं दुःख होत नाही, कारण त्यांच्या आवडीचं जेवण रांधणारी भाची मार्ता घरात असते. कोणी विष घेत नाही, कोणाची बदनामी होत नाही. १९२० साली विवाहित स्त्रीला इतक्या सहज मोकळं सोडणं ही लहान गोष्ट नव्हती. (मार्ता झालेली कारिन मोलान्देर पुढे दोन वर्षांनी लार्स हान्सोनशीच लग्न करते. पडद्यावर मात्र हान्सोन आयरीनच्या वाट्याला येतो.) जर्मन दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या अमेरिकेतल्या नाजूक विनोदी चित्रपटांचं मूळ अनेक अभ्यासक इथेच शोधतात, आणि मला ते पटतं.

मखातीच्या चित्रपटात मात्र हसायला जागा नाही. पावसाळी रात्र, रेल्वेचं आडगावचं ठाणं. गाडी चुकलेल्या एका शहरी माणसाला रेल्वेतला म्हातारा कर्मचारी घरात आसरा देतो आणि स्वतः रात्रपाळीला जातो. घरात असते त्याची मुलगी आंद्रेया. खिडकीच्या काचेवरून पावसाचे थेंब ओघळतात, आणि मुलीच्या मनात काय चाललंय ते कॅमेरा असंच आडून सांगतो. सकाळी पाहुणा निघून जातो. तिला दिवस राहतात, मूल मृत जन्मतं. पुढे दुसऱ्या माणसाशी लग्न होतं आणि तो पहिला पुन्हा आयुष्यात येतो. आंद्रेया झालेली इता रिना स्लोव्हेनियाची. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा जितका रेंगाळतो तितका स्टिलरचा कॅमेरा कोणावरच रेंगाळत नाही. हाच मखाती पुढे १९३३ साली ‘एक्स्टसी’ करतो, आणि त्यातली तरुण नटी हॉलिवुडला जाऊन हेडी लामार होते.

इच्छा दोन्हीकडे आहे. स्टिलरकडे ती दिवाणखान्यात चहाचा कप हातात धरून वावरते आणि तिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. मखातीकडे ती अंगावर येते आणि किंमत बाईनेच मोजायची असते. म्हणून मखातीचा चित्रपट, कितीही देखणा असला तरी, मला जुन्या वळणाचा वाटतो आणि नऊ वर्षं आधीचा स्टिलरचा अधिक आधुनिक. हे स्टिलरबद्दल म्हणताना विशेष वाटतं, कारण स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफच्या कथांवरचे बर्फातले गंभीर चित्रपट करणारा दिग्दर्शक अशीच त्याची ओळख सांगितली जाते. दुसरा ‘इरोटिकॉन’ पडद्यावर आला तेव्हा तो हयात नव्हता. १९२८च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी तो गेला.

कुठे नुसतंच ‘इरोटिकॉन’ लिहिलेलं दिसलं आणि दिग्दर्शकाचं नाव नसलं तर सुरुवातीची काही मिनिटं पाहा. पाऊस आणि रेल्वे दिसली तर तो मखातीचा. चष्म्यातला कोणी भुंगेऱ्यांच्या संसारावर बोलायला लागला तर बसून राहा, दिवे मालवा.