किसिंजर, हेन्री आल्फ्रेड

किसिंजर, हेन्री आल्फ्रेड : (२७ मे १९२३–२९ नोव्हेंबर २०२३). अमेरिकन मुत्सद्दी, राज्यशास्त्रज्ञ व राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि जेरल्ड फोर्ड यांचे सल्लागार. जन्म जर्मनीतील फ्यूर्ट (बव्हेरिया) येथे एका ज्यू कुटुंबात. मूळ नाव हाइन्झ. नाझी छळामुळे हे कुटुंब १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आले. १९४३ मध्ये अमेरिकन नागरिकत्व, लष्करी सेवा आणि पुढे हार्व्हर्ड विद्यापीठाची पीएच.डी. (१९५४). नेपोलियनोत्तर यूरोपची घडी बसवणारे ऑस्ट्रियाचे मेटरनिख व ब्रिटनचे कॅसलरे हे परराष्ट्रमंत्री हा प्रबंधाचा विषय होता. सत्तासमतोलाचा त्यांचा पुढचा विचार समजण्यासाठी हा प्रबंध महत्त्वाचा आहे.

जानेवारी १९६९ मध्ये ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. सप्टेंबर १९७३ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद मिळाल्यावरही नोव्हेंबर १९७५ पर्यंत दोन्ही पदे त्यांच्याकडेच राहिली. महत्त्वाच्या वाटाघाटी परराष्ट्र खात्याला वगळून करणे ही त्यांची कार्यपद्धती. सोव्हिएट राजदूत अनातोली दोब्रिनिन यांच्याशी त्यांचा असाच थेट संपर्क होता.

चीनशी संबंध सुरू करण्याची मूळ कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. लोकसमजुतीत हे श्रेय किसिंजर यांना जाते. मात्र चीनला कायम एकाकी ठेवता येणार नाही, हे निक्सन यांनी ऑक्टोबर १९६७ मधील लेखातच मांडले होते, तर किसिंजर प्रारंभी साशंक होते. चीनच्या बाजूनेही हालचाल होती. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएट सैन्याशी चकमकी झाल्यानंतर चार मार्शलांच्या गटाने माओंसाठी परिस्थितीचा आढावा घेतला होता. त्यामुळे कल्पना निक्सन यांची व ती तडीस नेण्याचे कौशल्य किसिंजर यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाकिस्तानमार्गे संपर्काची सुरुवात साधारणपणे ऑगस्ट १९६९ मधील निक्सन व पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्याखान यांच्या लाहोर भेटीपासून धरतात. ठोस निरोपांची देवाणघेवाण मात्र १९७० च्या अखेरीस सुरू झाली.

जुलै १९७१ मध्ये दिल्लीहून ते रावळपिंडीला गेले. पोट बिघडल्याने नथियागली येथे विश्रांती घेत असल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ९ जुलैच्या पहाटे ते पाकिस्तानी विमानाने पेकिंगला (आताचे बीजिंग) निघाले. घाईत स्वतःचे सदरे मागेच राहिले. सहकारी जॉन होल्ड्रिज यांचे उसने घ्यावे लागले आणि त्यांवर ‘तैवानमध्ये तयार’ अशी चिठ्ठी होती. चीनचे पंतप्रधान जाऊ एन-लाय यांच्याशी चर्चेत तैवान हाच मुख्य विषय होता! फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन यांची चीनभेट झाली.

या गुप्त मार्गाची किंमत पूर्व बंगालने मोजली. ढाक्यातील अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिल १९७१ मध्येच पाकिस्तानी लष्कराच्या तेथील हत्याकांडाविषयी तारेने निषेध नोंदवला होता. वॉशिंग्टनने याह्याखानांना दुखवले नाही. भारतीय बाजूच्या कथनानुसार, दिल्लीत चिनी दबावाविरुद्ध पाठिंब्याचा दिलासा देणाऱ्या किसिंजर यांनी त्याच जुलै महिन्यात भारताचे अमेरिकेतील राजदूत लक्ष्मीकांत झा यांना नेमके उलट सांगितले. ९ ऑगस्टचा भारत–सोव्हिएट करार त्यामुळेच झाला, असे काही अभ्यासक मानतात. कराराची बोलणी १९६९ पासून चालू असल्याने या घडामोडींनी करार लवकर झाला, एवढेच म्हणणे सयुक्तिक. डिसेंबरात ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली. बांगलादेशाला उद्देशून ‘भिकेची झोळी’ अशा अर्थाचे जे शब्द त्यांच्या नावावर खपतात, ते ६ डिसेंबर १९७१ च्या बैठकीत प्रथम परराष्ट्र खात्यातील अधिकारी यू. ॲलेक्सिस जॉन्सन यांनी उच्चारले. ती ‘आपली झोळी असेलच असे नाही’, हे उत्तर किसिंजर यांचे. भारतीयांविषयीचे त्यांचे अपमानास्पद संभाषण २००५ मध्ये उजेडात आले, तेव्हा त्यांनी खेद व्यक्त केला.

व्हिएटनामविषयक पॅरिस करारासाठी (जानेवारी १९७३) त्यांना व उत्तर व्हिएटनामचे वाटाघाटकार ले डक थो यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. थो यांनी ते नाकारले. कंबोडियावरील गुप्त बाँबफेक (१९६९–७०) आणि चिलीतील आयेंदे सरकारविरुद्धच्या कारवाया यांमुळे त्यांच्यावर कठोर टीका झाली व ती रास्त होती. १९७३ च्या अरब–इझ्राएल युद्धानंतर राजधान्यांमध्ये सतत येजा करून त्यांनी ईजिप्त व सिरिया यांचे इझ्राएलशी सैन्यविलगीकरणाचे करार घडवले (१९७४).

जानेवारी १९७७ मध्ये ते पदमुक्त झाले. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची सल्लागार कंपनी काढली. जुलै २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते बीजिंगमध्ये शी जिनपिंग यांना भेटले. कनेक्टिकट राज्यातील केंट येथे त्यांचे निधन झाले.