‘नेफेश’ म्हणजे नुसता आत्मा नव्हे

“देवा, मला वाचव, पाणी नेफेशपर्यंत चढलंय.” हिब्रू बायबलातलं 69वं स्तोत्र असं सुरू होतं. नेफेश या हिब्रू शब्दाचा अर्थ आत्मा असा धरला तर ही ओळ लागतच नाही. बुडणाऱ्याचं पाणी चढतं ते गळ्यापर्यंत! यशयाच्या ग्रंथात तर शिओल, म्हणजे मृतांचं जग, आपला नेफेश रुंद करून आ वासतं.

मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपलेही प्राण कंठाशीच येतात. घसा, त्यातून जाणारा श्वास, श्वासावर टिकलेला जीव, आणि मग तो जिवंत माणूसच, असा या शब्दाचा अर्थ पसरत गेला. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात मातीपासून, म्हणजे ‘अदामा’पासून, देवानं ‘आदाम’ घडवला, नाकपुड्यांत श्वास फुंकला, आणि आदाम ‘नेफेश हाय्या’, म्हणजे जिवंत नेफेश, झाला. त्याला नेफेश ‘मिळाला’ असं तिथे लिहिलेलं नाही, तो नेफेश ‘झाला’. एक अध्याय आधी समुद्रातल्या जीवांना आणि गुराढोरांनाही हेच दोन शब्द लावलेत. पण 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात माणूस तेवढा ‘जिवंत आत्मा’ झाला आणि जनावरं नुसती ‘जिवंत प्राणी’ राहिली. मूळात नसलेली भिंत भाषांतरानं उभी केली, याची मला खरोखर खंत वाटते.

या गोंधळाचं मूळ बरंच जुनं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोरा, म्हणजे हिब्रू बायबलातले पहिले पाच ग्रंथ, ग्रीकमध्ये गेली, तेव्हा नेफेशसाठी ‘प्सुखे’ हा शब्द आला. देहावेगळ्या अमर आत्म्याची प्लेटोची कल्पना त्या शब्दाला आधीच चिकटलेली होती. 1973 मध्ये जर्मन अभ्यासक हान्स वाल्टर वोल्फ यांनी ठामपणे मांडलं की माणसाजवळ नेफेश नसतो, माणूसच नेफेश असतो.

प्रश्न मिटला असं वाटत असतानाच 2008 मध्ये आग्नेय तुर्कस्तानातल्या झिंजिर्ली इथे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला बेसॉल्टचा कोरीव दगड सापडला. कातुमुवा नावाचा अधिकारी त्यावर हिब्रूच्या जवळच्या बोलीत सांगतो, “माझ्या ‘नबश’साठी मेंढा द्या, तो नबश या दगडात असेल.” नबश हा नेफेशचाच भाऊबंद, आणि इथे तो देह सोडून दगडात राहतोय. वोल्फ यांचं म्हणणं बहुतेक ठिकाणी मला अजूनही पटतं, पण ‘सगळीकडे’ म्हणायची सोय आता उरलेली नाही. बायबलातल्याच यहेज्केलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात काही स्त्रिया नेफेशांची शिकार करतात आणि देव ते पाखरांसारखे सोडवतो. या दगडामुळे अभ्यासक त्या ओळी नव्यानं वाचू लागले आहेत.