पिसवांची गोळी, थेंब की कॉलर: २०१८ च्या इशाऱ्यामागची गोष्ट

कुत्र्याला पिसवांसाठी काय द्यायचं यावर हल्ली जे वाद होतात ते बहुतेक गोळीवरूनच होतात. "फिट येते म्हणे" असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो आमच्याकडे पाच वर्षं चालू आहे, काही झालं नाही. हे नक्की कुठून आलं ते कळायला मागची तीसेक वर्षं बघावी लागतात. त्याआधीचं पटकन उरकतो.

शेवंतीच्या कुळातल्या फुलांची भुकटी १९ व्या शतकापासून वापरात होती, पिसवा मरायच्या पण उन्हात तिचा जोर लगेच जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, मग ऑर्गनोफॉस्फेटवाली औषधं (जहाल कीटकनाशकांचा एक गट), १९६० च्या दशकात पहिल्या फ्ली कॉलर, म्हणजे गळ्यात बांधायचे औषधाचे पट्टे. कुत्रा अंग चाटणार, मुलं त्याच्या गळ्यात हात टाकणार, म्हणजे विष थोडंफार सगळ्यांच्याच वाट्याला. आणि एवढं करून पिसवा परत यायच्याच, कारण कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्के, बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष या रूपात गादीत, सतरंजीत, सोफ्याच्या फटीत पडलेलं असतं. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती अंडी केसांना चिकटत नाहीत, कुत्रा जिथे झोपतो तिथे गळून पडतात. त्यामुळे त्या काळात औषध कुत्र्यापेक्षा घरालाच जास्त मारायला लागायचं.

१९९० च्या दशकात सगळं पालटलं. आधी ल्युफेन्युरॉन आलं, महिन्याला एक गोळी, ती पिसू मारत नाही पण तिची पुढची पिढी जन्मू देत नाही. कल्पना भारी होती, फक्त ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला काय उपयोग, त्याला आज चावणारी पिसू आज मरायला हवी. मग फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचे मानेवर टाकायचे थेंब आले आणि ज्यांनी आधीचे दिवस बघितले त्यांना ही जादूच वाटली असणार. दोन्ही औषधं रक्तात फारशी शिरत नाहीत, कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात, त्यामुळे पिसू मरायला ती चावायलाच पाहिजे असं नाही. मानेमागचे केस नीट बाजूला करून कातडी दिसली की तिथे ट्यूब टेकवून दाबायची. बरेच लोक केसांवरच ओततात, वर एक तेलकट डाग दिसतो आणि मग औषध कुचकामी निघालं म्हणतात.

थेंबांचाही एक वाद झाला होता जो आता कुणाला आठवत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत थेंबांबद्दलच्या तक्रारी एकदम वाढल्या, २००९ मध्ये तिथल्या कीटकनाशकं बघणाऱ्या खात्याने तपासणी सुरू केली. त्रास जास्त करून लहान चणीच्या कुत्र्यांना झाला होता. दुसरी गोष्ट म्हणजे कुत्र्याचं परमेथ्रिन या कीटकनाशकाचं औषध मांजराला लावलं जात होतं, मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही आणि ते जिवावर बेतू शकतं. यातून लेबलं सुधारायची आणि वजनाचे गट जास्त बारीक करायचे असं ठरलं. आज पाकिटावर वजन एवढं ठळक छापतात त्यामागे हे आहे. अर्धी ट्यूब याला अर्धी त्याला असलं गणित करू नये ते यासाठीच.

आता गोळी. २००७ मध्ये स्पिनोसॅड नावाची गोळी आली, पण खरा बदल झाला २०१३-१४ मध्ये, आधी नेक्सगार्ड मग ब्रॅव्हेक्टो, २०१६ मध्ये सिम्पारिका, नंतर क्रेडेलिओ. नेक्सगार्डपासूनच्या या सगळ्या गोळ्या औषधांच्या एकाच कुटुंबातल्या, आयसोक्साझोलिन. औषध रक्तात फिरतं, पिसू चावली की तिच्या पोटात जातं आणि तिच्या मज्जासंस्थेचा ताबा सुटतो. पिसू रक्त प्यायल्यावर साधारण दीड-दोन दिवसात अंडी घालायला लागते, गोळी तिला त्याआधीच मारते, म्हणजे घरात नवीन अंडी पडणंच थांबतं. गोचीडपण मरतात. आंघोळीचं टेन्शन नाही. व्हेट लोक खूश, मालक खूश.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियंत्रकाने या अख्ख्या कुटुंबाबद्दल इशारा दिला की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं आणि फिट असे प्रकार नोंदले गेलेत आणि ज्यांना आधी कधीच फिट आली नव्हती त्यांच्यातही ते दिसलेत. औषध बाजारातून काढलं नाही. बहुतेक कुत्र्यांसाठी सुरक्षितच आहे असं त्याच इशाऱ्यात लिहिलं आणि लेबलवर इशारा छापायला लावला. इथूनच दोन तट पडले. एक म्हणतो धोका मान्य करता तर विकता कशाला, दुसरा म्हणतो लाखो डोस जातात, तक्रारी येणारच, आणि प्रत्येक फिट गोळीमुळेच आली हे कसं ठरवणार. २०२० मध्ये मालकांना विचारून केलेला एक ऑनलाइन सर्व्हे पेपर म्हणून आला, त्यात त्रास झाल्याचं सांगणारे पुष्कळ होते, पण ज्याच्या कुत्र्याला त्रास झाला तोच असला फॉर्म आवर्जून भरतो हा आक्षेपही तितकाच रास्त आहे.

मला वाटतं या भांडणात मुद्द्याची गोष्ट बाजूला पडली, ती म्हणजे औषध परत काढता येतं का. कॉलर कात्रीने कापून टाकता येते, थेंब साबणाने थोडेफार तरी धुता येतात, पण गोळी एकदा पोटात जिरली की ती आपल्या वेळेनेच जाणार, नेक्सगार्ड आणि ब्रॅव्हेक्टो दोन्हीचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात. तरी सगळा धंदा गेलाय मुदत वाढवण्याच्या दिशेने, महिन्याची गोळी, १२ आठवड्यांची गोळी, ८ महिन्यांची कॉलर, आणि आता काही देशांत वर्षाला एकच फ्ल्युरालॅनरचं (ब्रॅव्हेक्टोमधलंच औषध) इंजेक्शन. विसराळू मालकासाठी उत्तमच. पण पूर्वी फिट आलेल्या कुत्र्याला पहिल्यांदाच या कुटुंबातलं काही द्यायचं असेल तर लांब मुदतीचं का द्यावं हे मला समजत नाही, अशा कुत्र्यासाठी व्हेटशी बोलून फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचे थेंबच बघावेत. स्पिनोसॅड हा पर्याय सुचवतात पण फिट येणाऱ्या कुत्र्यात तेही जपूनच वापरायला सांगितलंय.

कॉलरची गंमत वेगळीच. २०२१ मध्ये अमेरिकेत इमिडाक्लोप्रिड आणि फ्ल्युमेथ्रिन ही दोन कीटकनाशकं असलेल्या एका खपाऊ कॉलरबद्दल बातम्या आल्या की हजारो तक्रारी आहेत, दोन वर्षांनी तिथल्या कीटकनाशक खात्याने काही अटी घालून तीच कॉलर चालू ठेवली. तिकडे कॉलर आणि बरेचसे थेंब या खात्याकडे जातात, गोळ्या औषध खात्याकडे. दोघांच्या तक्रारी मोजायच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे "कॉलरच्या तक्रारी जास्त की गोळीच्या" हे आकडे शेजारी ठेवून सांगताच येत नाही, लोक मात्र सर्रास सांगतात.

"आता औषधच चालत नाही" ही ओरड प्रत्येक पिढीच्या औषधाबद्दल झालीय. रेझिस्टन्सची, म्हणजे पिसवा औषधाला सरावल्याची, शंका फिप्रोनिलबद्दल जुनी आहे, पण बऱ्याचदा भानगड कोषांची असते. कोषातली पिसू महिनोन् महिने गप्प बसू शकते, पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब लागली की बाहेर उडी मारते आणि कोषावर कुठलंच घरगुती औषध धड चालत नाही. डोस दिल्यावरही दोन-तीन महिने पिसवा दिसू शकतात. तोवर व्हॅक्युम मारत राहायचं आणि अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. खात्री करायची तर शेपटीजवळ बारीक दाताचा कंगवा फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, नाहीतर नुसती माती.

अलीकडचा वाद तर कुत्र्याच्याही पलीकडे गेलाय. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली, ९९ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. युरोपात शेतीत ज्या औषधांवर मधमाश्यांसाठी निर्बंध आणले तीच कुत्र्यांच्या मानेवरून धुऊन नदीत जातायत, मग सरसकट सगळ्या कुत्र्यांना बाराही महिने औषध द्यायचं की पिसवा असतील किंवा यायची शक्यता असेल तेव्हाच, यावर आता व्हेट लोकांमध्येच दोन गट आहेत. गोळीवाले म्हणतात आमचं पाण्यात जात नाही, पण रक्तात गेलेलं शेवटी शरीराबाहेर पडतंच आणि ते पुढे कुठे जातं यावर अजून अभ्यास चालू आहे. पोहणारा कुत्रा असेल तर थेंब टाकल्यावर निदान पहिले दोन दिवस तरी त्याला पाण्यात सोडू नका, पाकिटावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे.